अप्पांची हाळी

नौबाद, बिदर

प्रिय रेणू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी 'बघते' एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. तू चिडली असशील. पण आणखी दोन वाक्यं बोलले असते तर माझा आवाज कापला असता, आणि तुला ते लगेच कळलं असतं. म्हणून लिहायला बसले आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत हुलसूरच्या पलीकडं तुमच्या गावात रेंज नसायची, तेव्हा आपण पत्रंच लिहायचो की. त्यानंतर आज पहिल्यांदा लिहितेय, त्यामुळे अक्षर सांभाळून घे.

आधी घरचं सांगते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालतात, आधी कानडी, मग तेच मराठीत, जणू अजून वर्ग घेतायत. आई त्यांच्यापासून चार पावलं लांब चालते. आपलं ऑफिस अजून त्या बियाण्यांच्या दुकानाच्या वरच आहे. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेल्या बियांचा वास वर येतो आणि डोकं धरतं. तुझ्या टेबलावर आता प्रणेश बसतो. हुशार आहे, बोलतो कमी. तुझ्यानंतर आलेल्यांपैकी हाच टिकला.

आणि आपली 'हाळी' चालू आहे. तू बंगळूरला गेल्यापासून तिच्याबद्दल फारसं विचारत नाहीस, आणि तुझे अप्पा वारल्यावर तर मीही विषय काढला नाही. पण ती सुरू झाली तो दिवस मला पुष्कळदा आठवतो. थ्री फेज लाइट येते दुपारचीच, पण नेमकी कधी याचा नेम नाही. ती आली की अप्पा शेताच्या धुऱ्यावर उभे राहून 'लाइट आली होऽ' म्हणून हाळी द्यायचे, आणि ओढ्यापलीकडचे लोकसुद्धा विहिरीवरच्या मोटारी लावायला पळायचे. कॉलेजच्या कँटीनमध्ये तू म्हणालीस, ही हाळी फोनमध्ये घालू. बटण दाबून एकानं बोलायचं, गावातल्या सगळ्यांच्या फोनवर त्याच क्षणी ऐकू यायचं. बोललेलं कुठंही साठवून ठेवायचं नाही, हा नियमही तुझाच. गावात रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं, त्याचा उद्या पुरावा व्हायला नको, असं तू म्हणाली होतीस. तो नियम आजपर्यंत मोडलेला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

संक्रांतीनंतर आम्ही औराद तालुक्यातली आणि तिकडं चिंचोळीकडची बरीच गावं घेतली आणि सर्व्हर पडायला लागला. पडायचा तो नेमका दुपारी, लाइट आल्यावर. एरवी दिवसभर चिटपाखरूही बोलत नाही, आणि लाइट आली की सगळा मुलूख एकदम तोंड उघडतो. कुणी लाइट आली सांगतो, कुणी मोटार जळाली म्हणून ओरडतो, कुणी पाण्याच्या पाळीवरून भांडतो. त्या गर्दीत मेमरी भरत जायची. आलेख बघितला तर जिन्यासारखा, एकेक पायरी वरच, खाली यायचं नाव नाही. शेवटी मशीनच वैतागून आपला प्रोग्राम मारून टाकायची. पुन्हा चालू केला की मेमरी रिकामी, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

पहिलं कारण लवकर सापडलं. बोलता बोलता रेंज गेलेला फोन 'जातो' असं सांगून जात नाही, आणि आपला सर्व्हर त्याची जागा तशीच राखून बसायचा. न सांगता गेलेल्यांच्या जागा साठत साठत सगळी मेमरी त्यांनीच व्यापली होती. प्रणेशला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ ती यादी बघत बसला. मग म्हणाला, मॅडम, किती जण वाट बघायला लावून गेलेत. ते आम्ही दुरुस्त केलं. पडणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. आणि त्याच सुमाराला वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या.

संतपूरचे सिद्धलिंगप्पा म्हणून एक जण आहेत. त्यांनी तुरीचा भाव विचारून बटण सोडलं, तर उत्तराच्या जागी एक बाई कानडीत रडताना ऐकू आली. त्यांच्या ग्रुपमध्ये तशी कुणी बाईच नव्हती. चिंचोळीकडच्या सावित्रम्मांना भरदुपारी पाळणा ऐकू आला, आणि त्यांच्या गावात त्या दिवशी बारसं नव्हतं. एका गावानं तर टॉवरच्या कुंपणाला लिंबू-मिरची बांधली. आम्ही आधी हसलो. मग एकानं फोन करून सांगितलं की त्याच्या फोनमधून कुणीतरी त्याच्या आईच्या आवाजात हाक मारली, आणि आई तर समोर चुलीपाशी बसलेली होती. तेव्हा हसणं थांबलं.

तुला अंदाज आलाच असेल. तू अप्पांना दुधाच्या कॅनचा दाखला देऊन समजावलं होतंस ना, तसंच झालं होतं. डेअरीवर कॅन भरून येतो, रिकामा होतो, धुतला जातो, मग दुसऱ्याला मिळतो. आपल्या सर्व्हरात आवाजाचे कॅन तसेच फिरतात. एरवी सगळं ठीक चालायचं. पण गर्दी झाली की एकाचा कॅन पुरता रिकामा व्हायच्या आतच दुसऱ्याच्या हातात जायचा, तोही न धुता. मग या गावचं बोलणं त्या गावाला, आणि दोघांनी एकाच कॅनला हात घातला की प्रोग्राम कोसळायचा. इतकं साधं. पण आवाज मिसळायचे ते फार तर काही मिनिटांपूर्वीचे. सर्व्हर एकदा पडला की सगळे कॅन जातात, आधीचा थेंबही उरत नाही. आणि संक्रांतीपासून तो कितीदा पडला याची गणती नाही.

हे सगळं ताडून बघायला आम्ही ऑफिसातल्या एका मशीनवर वेगळा सर्व्हर उभा केला. बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध ठेवला नाही, तारसुद्धा काढून टाकली. प्रणेशनं एक प्रोग्राम लिहिला, तो हजारो फोन असल्याचं सोंग करायचा. प्रत्येक खोट्या फोनला प्रणेशच्याच आवाजातला एकेक पाढा दिला होता. चारचा पाढा ऐकताना मध्येच सातचा आला की समजायचं, कॅन बदलला. गर्दी वाढवत नेली आणि खरंच पाढे मिसळायला लागले. मी उठून उभी राहिले, इतका आनंद झाला. दोन महिने जे पकडता येत नव्हतं ते हातात आलं होतं. तेवढ्यात प्रणेशनं कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडं दिला. मॅडम, हे कुणाचं, एवढंच म्हणाला.

पाढ्यांच्या गलक्याखाली एक म्हातारा माणूस घसा साफ करत होता. मग अगदी सावकाश, 'ऐका हो' असा आवाज आला, आणि पुन्हा पाढे.

मी त्याला म्हटलं, खालच्या दुकानातलं काहीतरी आलं असेल. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. त्या मशीनवर त्याच्याशिवाय कुणाचाही आवाज कधी गेलेला नाही हे त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत होतं. तेव्हापासून तो त्या मशीनपाशी एकटा बसत नाही, मी असले तरच बसतो. रेणू, प्रत्येक हाळीच्या आधी 'ऐका हो' कोण म्हणायचं, ते तुला सांगायला नको.

दुरुस्ती तयार झाली. खऱ्या गर्दीत ती कशी चालते ते एखाद्या गावात बसून बघायचं ठरलं. मी तुमचं गाव निवडलं. तिथली रेंज अजून कच्ची, असं कारण ऑफिसात सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण दुसरंही एक होतं. फोन केव्हा जोडले जातात त्याची नोंद बघताना तुझ्या घरचा फोन दिसला. रोज लाइट यायच्या आधी तो जोडला जायचा आणि लाइट जाईपर्यंत तसाच राहायचा. त्यावरून कुणी कधी बोलायचं नाही. शेत तर तुम्ही बटईनं दिलंय. तुझ्या मायला मोटार लावायची नाही, पाळी धरायची नाही. मग मावशी रोज कुणाचं ऐकत बसतात?

गेल्या आठवड्यात गेले. ऊन रणरणत होतं. चंद्रभागामावशी पडवीत तूर पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, हात पुसले, नेहमीसारखं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. बारीक झाल्यात, पण चांगल्या आहेत. बोलणं सरळ, घर स्वच्छ, गाईला यंदा कालवड झालीय तिचं कौतुक. तुझी चौकशी केली, जावयांची केली. मग चहा टाकला. मला एक कप दिला, स्वतः एक घेतला, आणि तिसरा अप्पांच्या खुर्चीपाशी स्टुलावर ठेवला. त्याच्याशेजारी फोन ठेवला. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"लाइट यायच्या टायमाला बोलायलेत ते," त्या म्हणाल्या. "रोज न्हाई, पर बोलायलेत."

मी विचारलं, भीती नाही वाटत का. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. कामून भ्यावं, आपलंच माणूस हाय की, असं म्हणून त्या पुन्हा तूर पाखडायला लागल्या. काय बोलतात असं विचारलं, तर सुपातले खडे वेचता वेचता म्हणाल्या, ते तुला नगं.

मी त्यांना कॅनचं सगळं समजावून सांगितलं, रेणू. सर्व्हर, गर्दी, मिसळलेले आवाज, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लोकांचं तसं होत असेल, म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे लाइटच्या बऱ्याच आधी प्रणेशनं तिकडं ऑफिसातून सर्व्हर बंद केला. नवा कोड चढवून पुन्हा चालू करायचा होता. काहीतरी अडलं, त्याचा मेसेज आला, थोडा वेळ लागेल. आणि त्या दिवशी लाइट लवकर आली. गोठ्यातला दिवा लागला, लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटार घरघरली. हाळी मात्र आली नाही. लोक फोन हातात घेऊन दारात आले. समोरच्या घरातल्या माणसानं मलाच विचारलं, हाळी बंद हाय काय. मी व्हय म्हटलं. नळाला पाणी आलं म्हणून मावशी घागर घेऊन मागच्या दारी गेल्या. पडवीत मी एकटी. माझ्या फोनवर 'जोडणी नाही' असं लाल अक्षरांत होतं. स्टुलावरच्या फोनवरही तेच. मी वाकून खात्री करून घेतली.

आणि त्या फोनमधून अप्पा बोलले.

धुऱ्यावरून द्यायचे तसा मोठा आवाज नव्हता. पडून बोलावं तसा, दमलेला, पण अगदी जवळचा. "रेणू आली का?"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तू नाही. बिदरच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. तू परदेशातून परतीच्या विमानात होतीस, मावशी खाली औषध आणायला गेल्या होत्या, आणि मी खाटेशेजारी बसले होते. छातीत कळ येऊन गेल्यावर थोडं शांत वाटत असायचं, तेव्हा ते डोळे न उघडता तेवढंच विचारायचे. दुसरं काही नाही. मी तुला सांगितलं नाही, कारण तू आलीस ती राख सावडायच्या वेळेला, आणि तेव्हा तुझ्याकडं बघवत नव्हतं. आता ऐक. त्या दिवशी त्यांचा फोन गावाकडं घरात होता, बंद. माझा पर्समध्ये होता. ते वाक्य कुठल्याही फोननं, कुठल्याही सर्व्हरनं कधी ऐकलेलं नाही. कुठल्याही कॅनमध्ये ते उरलेलं असणं शक्य नाही. आणि सर्व्हर तर बंद होता.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी 'त्यांनी' लिहिलं बघ, फोननं असं म्हणायचं होतं. पुन्हा विचारलं, रेणू आली का.

मी स्टुलापासून दोन पावलं मागं सरले. पण त्या स्वरात भिववणारं काही नव्हतं. दवाखान्यात होतं तेच होतं. आणि म्हातारं माणूस विचारतंय, उत्तर न देता कसं बसायचं? दवाखान्यात दिलं होतं तेच दिलं. "येईल अप्पा," मी म्हणाले.

मी बटण दाबलं नव्हतं, रेणू. फोनला हातही लावला नव्हता.

थोडा वेळ नुसती मोटारीची घरघर. मग उत्तर आलं. "बरं."

त्यानंतर काही नाही. मावशी भरली घागर घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून उंबऱ्यातच थांबल्या. मीच सांगितलं. घागर खाली ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या. "मी कधी जबाब दिला न्हाई गं," म्हणाल्या. "ती कधी यायची मलाच ठावं न्हाई. खोटं कसं बोलू त्यांच्यासंगं?" मग पदरानं तोंड पुसून, "तू सांगून बसलीस. आता तिला यावं लागतंय."

प्रणेशनं सर्व्हर चालू केला तोवर सावल्या लांब झाल्या होत्या. मी त्याला फोन करून विचारलं, मध्ये एखाद्या क्षणासाठी तरी चालू झाला होता का. तो नाही म्हणाला, आणि का विचारता असं त्यानं विचारलं नाही. तेव्हापासून एकदाही सर्व्हर पडलेला नाही. आलेख वर चढतो, लाइट गेली की शहाण्यासारखा खाली येतो. सिद्धलिंगप्पांना आता तुरीचाच भाव ऐकू येतो. सगळे खूश आहेत, आणि मला शाबासकी मिळाली आहे.

आता तुझं काम. तू फोनवर म्हणालीस, माय भ्रमिष्ट झालीय, पुढच्या गुरुवारी तिला कलबुर्गीच्या डॉक्टरांकडं न्यायचंय, मग कायमचं बंगळूरला. ती माझं ऐकत नाही, तर पूर्णिमा, तू इंजिनियर आहेस, तूच तिला सांग की हा सगळा तुमच्या मशीनचा दोष होता. रेणू, दोष होता, तो मी काढला, आणि जे मी ऐकलं ते त्यात बसत नाही. मावशींना वेड लागलेलं नाही. असेल तर आम्हा दोघींना लागलंय. काल मी त्यांना फोन केला. त्या दिवसापासून आवाज एकदाही आलेला नाही. मला वाटलं, संपलं असेल. मावशी म्हणाल्या, "आता बोलत न्हाईत. खुर्चीत येऊन बसलेत. वाट बघायलेत." घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मी स्वतः घाबरलेली आहे, म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांचं पुढं बघू. तू ये. गुरुवारच्या आधी ये, आणि लाइट यायच्या वेळेला पडवीत येऊन बस. एकटीला धीर होणार नसेल तर मी शेजारी बसेन. मी तुझ्या नावानं शब्द देऊन बसले आहे, आणि तो त्यांनी घेतला आहे.

तुझीच,
पूर्णिमा